मुकादमांचा पाला

हिंदुराव जगदाळे सतरा वर्षांची फौजेतली नोकरी संपवून कुंडलला परत आले, तेव्हा पेन्शनीबरोबर हिंदी भाषाही घेऊन आले. पेन्शन घरात वाटली गेली. हिंदीला मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. म्हशीला पाण्यावर नेताना ते "चलो, आगे बढो" म्हणायचे. म्हैस अस्सल कुंडलची, पण चार दिवसांत तीही त्या शब्दांवर पाय उचलू लागली, आणि मग हिंदुरावांच्या हिंदीबद्दल शंका घ्यायला जागाच उरली नाही. आळीत बांगडीवाला भय्या आला की बायका आधी हिंदुरावांना हाक मारायच्या आणि मग हात पुढं करायच्या. भय्याला मराठी चांगली येत होती. पण हे त्याला सांगायला हिंदुराव उसंत देतील तर ना!

ह्याच हिंदीच्या जोरावर त्यांना चौसष्ट साली महाबळेश्वराकडं मुकादमाची नोकरी लागली. तिथं वेण्णा तळ्याच्या खालच्या अंगाला बटाट्याचं एक छोटंसं केंद्र निघालं होतं. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक काचेचं खोपट आणि अडीच एकर लाल माती. तिथं जे काम चाले, ते हिंदुराव महिन्याकाठी घरी आले की आळीत समजावून सांगत. सांगताना निम्मं साहेबाचं आणि निम्मं स्वतःचं असे. पण गोष्ट खरी होती. बटाट्याला हिंव सोसत नाही. पहाटे दव गोठलं की दुपारपर्यंत सगळं शेत करपून काळं. पण सातासमुद्रापलीकडं उंच डोंगरांत बटाट्याची एक रानटी भावकी राहते. तिची बटाटी गोटीएवढी, चवीला कडूजहर, झाड जमिनीला चिकटलेलं. मात्र कितीही हिंव पडो, त्याचं पान मान टाकत नाही. त्या रानटी भावकीशी आपल्या बटाट्याची सोयरीक जुळवायची, आणि जी पोरं होतील त्यांतलं हिंव सोसणारं पोर हुडकून काढायचं, एवढंच काम.

केंद्राचे साहेब सिमल्याकडचे. आडनाव सूद. पहिल्या दिवशी हिंदुरावांनी ते मजूर बायकांना सांगितलं, तर चंद्राबाईनं पदर तोंडाला लावला.

"सूद? आगं बया! कुणाचा सूड घ्यायला आलाय ह्यो हितं?"

"आडनाव हाय ते, येडे. साहेबापुढं बोलू नगंस."

"त्येला कुठं कळतंय?"

खरंच कळत नव्हतं. साहेबाला मराठी येत नव्हती, अकरा बायकांना हिंदी येत नव्हती, आणि मधे हिंदुराव उभे. साहेबाच्या तोंडून तीन शब्द निघाले की हिंदुराव त्याचे तीस करत. साहेब म्हणाला, "पानी थोडा कम," की हिंदुराव बायकांकडं वळून सांगायचे, "साहेब म्हणतो, पाणी बेतानं द्या, आन बांधावर बसून तंबाखू मळू नका, आन मुकादमाला उलट बोलू नका." बायका म्हणायच्या, साहेबाची भाषा लय आटोपशीर बाई. साहेब त्यांना "हवालदार" म्हणायचा. खरं तर हिंदुराव एक पायरी खालचे, नाईक म्हणून सुटले होते, पण साहेबाची चूक दुरुस्त करायची घाई त्यांनी केली नाही. साहेबाची जीभ आपल्या तोंडात आहे, ह्याच सुखात त्यांचं पहिलं वर्ष गेलं.

त्या सुखात खडा पडला तो राहीबाईचा.

राहीबाई पाटणकडची. कोयनेच्या पाण्यात गाव बुडालं तेव्हा नवरा-बायको डोंगर ओलांडून इकडं कामाला आली होती. त्याआधी तिच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला होता. तेव्हा घरातले देव गेले, आणि "व्हय जी, न्हाई जी" म्हणत मान खाली घालायची सवयही गेली. देवांचं हिंदुरावांना काही नव्हतं. मानेचं होतं.

झालं असं, की बटाटा फुलावर आल्यावर साहेबानं सोयरीक कशी लावायची ते दाखवलं. कळी उमलायच्या आत चिमट्यानं हलकेच उघडायची, आतले पिवळे तुरे खुडून टाकायचे, रानटी फुलाचा पराग कुंचल्यानं टेकवायचा, वरून कागदी पिशवी बांधायची, देठाला पत्र्याची पाटी. पहिला मान अर्थातच हवालदारांचा. हिंदुरावांची बोटं रायफलीवर तयार झालेली. पहिली कळी तुटली. दुसरी तुटली. तिसरीचा तर देठच हातात आला.

"कोई बात नहीं," साहेब म्हणाला आणि चिमटा पुढं बसलेल्या राहीबाईच्या हातात दिला. तिनं आयुष्यभर वाकळा शिवल्या होत्या. श्वास धरून तिनं कळी उघडली, तुरे खुडले, कुंचला टेकवला. कळीला कळलंसुद्धा नसेल.

"शाबाश, राहीबाई जी!" साहेब म्हणाला.

जी! सतरा वर्षं सरकारची चाकरी केली, पण हिंदुरावांच्या नावामागं कुणी जी लावला नव्हता. त्या दिवशी त्यांनी जेवण अर्धं टाकलं. महिनाअखेरीला घरी आले तरी तोंडात तेच.

"जी म्हणं! राहीबाई जी! हातात चिमटा काय दिला आन लगीच जी?"

त्यांची बायको बाळाबाई भाकरी थापत होती. "तुमास्नी जी पायजे व्हय? मग जेवा जी. आणि वाढू का जी?"

"तुला चेष्टा सुचती."

"मग काय रडू? चार चांगल्या सोयरिकी जुळल्या तर तुमचं काय गेलं?"

काय गेलं ते बाळाबाईला कुठून दिसणार! साहेबानं आपलं भिंग राहीबाईला वापरायला दिलं ते हिंदुरावांनी पाहिलं होतं. साहेब सकाळी आल्या आल्या पहिल्यांदा कुणाच्या वाफ्याकडं वळतो, ते त्यांनी मोजलं होतं. एकदा उन्हात साहेबाला तहान लागली, तर राहीबाईच्या तांब्यातलं पाणी तो घटाघटा प्यायला आणि तांब्या हिंदुरावांपुढं केला. हिंदुराव म्हणाले, "मला तहान न्हाई." घसा कोरडा ठाक पडला होता, चार वाजेपर्यंत तसाच. राहीबाई तांब्या उचलून घेऊन गेली, काही बोलली नाही. बोलली असती तर हिंदुरावांना बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं.

त्याहून वाईट म्हणजे ती हिंदी उचलायला लागली. "पानी", "मिट्टी", "कल आना". मोडकंतोडकं, पण साहेबाला कळायचं, आणि साहेब हसून हळूहळू उत्तर द्यायचा. हिंदुराव वीस पावलांवर असले तरी लगबगीनं मधे येऊन तेच वाक्य पुन्हा सांगायचे, आपल्या हिंदीत. साहेब म्हणायचा, "समझ गया, हवालदार." पण समजून आधीच झालेलं असायचं.

सोयरिकींना फळं धरली, बारक्या हिरव्या टोमॅटोसारखी. त्यांचं बी काढून रोपं झाली, आणि पासष्टच्या पावसाळ्यानंतर ती चारशे रोपं शेतात गेली. कुणाच्या हातची सोयरीक आहे, ते कळावं म्हणून साहेबानं पाटीवर नंबराआधी नावाचं अक्षर घातलं होतं. चारशेतल्या जवळजवळ तीनशे पाट्यांवर र होता. बाकीच्यांवर च होता, ल होता, खुद्द साहेबाचा स होता. हिंदुराव एका दुपारी कुणी नसताना सगळ्या ओळी चालून आले. ह कुठंच नव्हता.

डिसेंबर लागला. तळ्याकडून सकाळी असा गारवा यायचा की बायका कोळशाच्या शेगडीभोवतीच घुटमळायच्या. नेमकं तेव्हाच साहेबाला पुण्याला बैठकीला जावं लागलं. जीप सुरू झाली, आणि साहेब खिडकीतून घाईघाईत म्हणाला, "हवालदार, ठंड बढ रही है. तीन-चार दिन बाद खेत देखना. जिसमें पाला लगा हो, उखाड देना. जिसमें पाला न लगा हो, उसे हाथ मत लगाना. समझे?"

"जी साब!" हिंदुरावांनी टाच जुळवली.

आता पाला म्हणजे काय, हे कुंडलच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. झाडाचा पाला. शेळीला घालतात तो. ज्याला पाला आहे ते उपटायचं, ज्याला पाला नाही ते राखायचं. विचित्र खरं, पण सरकारी काम कधी सरळ असतं का! हिंदुरावांनी हुकूम मनात नीट घडी घालून ठेवला.

दुसऱ्याच पहाटे हिंव पडलं. शेतावर मीठ सांडल्यासारखं पांढरं झालं. ऊन चढलं तशी पानं उकडलेल्या भाजीसारखी मऊ पडली, संध्याकाळी काळी झाली, आणि तिसऱ्या दिवशी वाळून गळाली. चारशे झाडांच्या जागी काळ्या काटक्या उभ्या. त्या काळ्या रानात नऊ झाडं मात्र हिरवी होती. मोजून नऊ. नवाच्या नवांवर र.

हिंदुरावांनी बायकांना ओळीनं उभं केलं. "साहेबाचा हुकूम हाय. ज्येला पाला हाय ती झाडं उपटायची. काटक्यास्नी हात लावायचा न्हाई."

मग चंद्राबाई म्हणाली, "आवं मुकादम, हिरवं उपटून काटकी राखायची? ह्यो कसला बटाटा म्हनायचा?"

"संशोधन हाय ते. तुला न्हाई कळायचं."

राहीबाई पुढं आली. "मुकादम, साहेब गेल्या सालापासनं म्हनतोय, जे हिवात जगंल ते आपलं. ही नऊ जगल्यात. हीच हुडकायची हुती न्हवं?"

"साहेब जाताना कुणाशी बोलला? माज्याशी का तुज्याशी?"

"तुमच्याशीच. पर एक दिस थांबा की. उद्या साहेब येतोय."

"हिंदी तुला कळती का मला?"

हिंदुरावांनी बाह्या सारल्या आणि स्वतःच उपटायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. हात सराईतपणे चालले होते. खरं सांगायचं तर र लिहिलेली पाटी मुठीत येताना त्यांना बोटाच्या टोकापर्यंत गोड वाटत होतं. चार, पाच, सहा.

सहावं झाड हातात असताना त्यांना पठाणकोट आठवलं.

कशानं आठवलं, देव जाणे. मातीच्या गार वासानं असेल. छावणीच्या मागं डोगरा लांगऱ्यानं, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाक्यानं, मुळ्याचा वाफा केला होता. एका सकाळी तो वाफा पांढराफेक पडलेला, आणि लांगरी दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणत होता, "पाला पड गया, साब. पाला मार गया." त्याच्या वाफ्यावर पडला होता तो पाला शेळीला घालायचा नव्हता. तो हिंव होता. हिंदीत हिंवाला पाला म्हणतात. हिंदुरावांना हे ठाऊक होतं, दहा वर्षांपासून पक्कं ठाऊक होतं. साहेब म्हणाला होता, ज्याला हिंव लागलं ते उपटा, ज्याला लागलं नाही त्याला हात लावू नका.

ते वाकलेलेच राहिले. पुढं तीन झाडं अजून उभी होती. "थांबा, चुकलं" असे दोन शब्द म्हणायचे होते. सतरा वर्षांत त्यांनी ह्याहून अवघड कामं केली होती.

त्यांनी मागं पाहिलं. राहीबाई हसत असती, तर कदाचित ते तिच्यावर ओरडले असते आणि ओरडण्याच्या भरात थांबलेही असते. पण ती हसत नव्हती. ती नुसती बघत होती, आणि तिला कळलेलं होतं. हिंदी न येताच कळलं होतं. हिंदुरावांना हिंदी येत असून जे कळायला सहावं झाड लागलं, ते तिला पहिल्या झाडाला कळलं होतं.

त्यांनी सातवं उपटलं. आठवं उपटलं. नववं सगळ्यांत भरदार होतं, गुडघ्यापर्यंत आलेलं. तेही त्यांनी आधीच्या दोघांसारखंच असं हिसडलं की मुळं तुटून मातीतच राहिली.

"झालं. जावा आता घरला," ते म्हणाले, आणि नऊच्या नऊ झाडं बांधावर फेकून चालायला लागले.

खोलीच्या दारातून त्यांना दिसलं. राहीबाईनं ओल्या गोणपाटात झाडं गोळा केली, पाट्यांसकट, आणि ओढ्याकाठच्या सावलीतल्या मातीत एकेक करून पुरली. चंद्राबाई ओंजळीनं पाणी घालत होती. हिंदुराव दार लावून खाटेवर पडले. बरं वाटलं त्यांना. आणि आपल्याला बरं वाटलं ते तिच्यामुळं, ह्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. शेत पाहिलं आणि बांधावरच बसला.

"हवालदार, यह क्या किया?"

हिंदुराव ताठ उभे राहिले. तेवढ्यात राहीबाई आली.

"साब, चलो. पानी के पास है."

ओढ्याकाठी सहा झाडांनी मान वर काढली होती. तीन मेली होती. सातवं, आठवं आणि नववं. ज्यांची मुळं तुटली होती ती. त्यांच्या बुडाला अजून एकही बटाटा धरला नव्हता, त्यामुळं त्यांचं मागं काहीच राहिलं नाही. साहेब चिखलात गुडघे टेकून सहांची पानं न्याहाळत राहिला. कोंभाला बोट लावायला भीत होता. मग उठला आणि पुन्हा हिंदुरावांकडं वळला.

"लेकिन उखाडा क्यों?"

राहीबाईनं हिंदुरावांकडं पाहिलं. मग शेजारच्या झुडपाचं एक पान तोडलं आणि साहेबापुढं धरलं. "साब, ये हमारा पाला. तुम्हारा पाला अलग. मुकादम का पाला अलग."

साहेब आधी पानाकडं पाहत राहिला, मग कळल्यावर असा हसला की डोळ्यांतून पाणी आलं. "पाला! पत्ता! ओहो, हवालदार!" बायकाही हसल्या, चंद्राबाईनं तर बसकण मारली. सहा झाडं वाचल्याचा आनंद त्या हसण्यात होता, त्यामुळं ते लवकर थांबेना.

"सत्रह साल फौज में," साहेब डोळे पुसत म्हणाला, "और पाला नहीं मालूम?"

आता घ्या. एका शब्दात हिंदुरावांना आपली हिंदी परत मिळवता आली असती. "मालूम था, साब." पण मग पुढचा प्रश्न आलाच असता, मालूम होता तर उपटलं का. शेजारी राहीबाई हातात पान घेऊन उभी होती.

"नही मालूम, साब," हिंदुराव म्हणाले.

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं.

"कोई बात नहीं," साहेबानं खांद्यावर हात ठेवला. "आगे से मैं जो बोलूं, राहीबाई जी से एक बार पूछ लेना."

त्या संध्याकाळी हिंदुराव खोलीवर आले, तर उशाशी पत्र्याच्या तीन पाट्या नीट पुसून ठेवलेल्या. मेलेल्या तीन झाडांच्या. साहेबाच्या वहीत त्या तिघांपुढं नुसती फुली होती. पाट्या हरवल्या असं राहीबाईनं त्याला सांगितलं होतं.

महिन्यानं घरी आल्यावर त्यांनी सगळं बाळाबाईला सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"म्हंजे तुमास्नी म्हाईत हुतं."

"सहाव्याला आठवलं."

"मग सातवं का उपटलंसा?"

"ती बघत हुती."

"मग साहेबाला सांगायचं की खरं. काय, नोकरी गेली असती?"

"नोकरीचं न्हाई गं. येडा म्हनलं तर चालतंय. पर एका बाईवर जळतोय, ह्ये तिच्याच म्होरं कसं सांगू?"

"आन तिला कळलं न्हाई म्हनता?"

"कळलंय. पाट्या मलाच आणून दिल्या न्हवं."

बाळाबाईनं लाकूड परत चुलीत सारलं. मग म्हणाली, "बाई मोठी हाय." हे ऐकून हिंदुराव ताटावरून उठले. आपल्या घरातसुद्धा तिचंच कौतुक!

"कुणाला सांगू नगंस," जाताना त्यांनी बजावलं. बाळाबाईनं कुणालाच सांगितलं नाही. फक्त भिंतीपलीकडं शेजारणीला सांगितलं. शेजारीण काही कुणी परकी नव्हती. दोन दिवसांत आळीत सगळ्यांना ठाऊक झालं. पण त्या जळण्याबद्दल हिंदुरावांपुढं कुणी चकार शब्द काढला नाही. नुसतं "पाला मुकादम" म्हणून चिडवत, आणि ते मानेनं होकार देऊन पुढं जात. तेवढं त्यांना परवडत होतं.

राग मात्र गेला असेल असं समजू नका. सहा झाडांची बटाटी निघाली, बोराएवढी. साहेबानं ती पेटीत घालून सिमल्याला धाडली, आणि पेटीवरच्या सहाही चिठ्ठ्यांवरचा र हिंदुरावांना स्वतःच्या हातानं डकवावा लागला. त्यांनी चारही कोपऱ्यांना खळ लावली, पण चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

पुढच्या सप्टेंबरात पुन्हा लावणी सुरू झाली. साहेब बांधावर उभा राहून हिंदीत काहीतरी लांबलचक सांगू लागला. सांगून झालं. नेहमीसारखे हिंदुराव घसा खाकरून बायकांकडं वळले, तर दहाच्या दहा बायका राहीबाईकडं बघत होत्या.

"तिकडं काय बघताय गं?" ते खेकसले.

"तुमीबी तिकडंच बघताय की, मुकादम!" चंद्राबाई म्हणाली, आणि ते खरंच होतं. बोलता बोलता त्यांनीही तिकडंच पाहिलं होतं.